वाटणीतलं मुसळ

मी भाड्याची जागा बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं आधी जात विचारली, मग नवऱ्याची नोकरी. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे, शनिवारी येतो, आणि मी इथे मुलींच्या शाळेत शिकवते, एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काठवट दावा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"भाकरी थापताय न्हवं? का रेल्वेत आयती मिळतीय?"

सामान अजून टांग्यात होतं. मी काठवट काढून आणली. आईनं बार्शीहून दिलेली, चांगली मोठी, एका ओंडक्यातून कोरलेली. पीठ मळायची बाजू तिनं पाहिलीच नाही. काठवट उलटी करून पाठ पाहिली, बोटाच्या पेरानं इथेतिथे वाजवली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"शेंगतेल लावताय."

"आई लावते."

"आईला सांगा, शेंगतेल खायाचं. लाकडाला करडीचं. करडीचं तेल लाकडात सुकतंय. शेंगतेल नुसतं बसून ऱ्हातंय आन् कुजतंय." मग काठवट काखेत मारून ती आत निघाली. "जागा दिली. काठवट दोन-चार दिवस माझ्याकडं."

काठवट परत आली तेव्हा तिचा खवट वास गेलेला होता. गरम पाणी आणि राखेनं घासून, सावलीत वाळवून, करडीचं तेल चोळून दिली होती. वर्ष न् वर्षं मी त्या वासाला काठवटीचाच वास समजत आले होते.

सगळी पेठ तिला दोड्डव्वा म्हणे. घरात कानडी आणि मराठी सारखीच चाले. दोड्डव्वा म्हणजे थोरली आई. थोरली म्हटलं की धाकटी कुठेतरी असणार, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तिची धाकटी जाऊ, चिक्कव्वा, दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. दोघींचे नवरे भाऊ होते, एकाच तेलाच्या दुकानात बसत. दुकानावरून भांडले, वेगळे झाले आणि पुढे थोड्या अंतरानं दोघेही वारले. भांडण बायकांकडे आलं. नावं मात्र जोडीनंच राहिली. चिक्कव्वा असल्याशिवाय दोड्डव्वा ही दोड्डव्वा नव्हे, हे दोघींना पटलं नसतं, पण पेठेला ते ठाऊक होतं.

दोड्डव्वा उंच आणि काटक होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पदर कमरेला खोचलेला. पितळेच्या भांड्यांकडे ती बघतही नसे. "पितळ काय, कुणीबी घासतंय," म्हणे. घरातली पितळ सून घाशी. लाकडाला मात्र सुनेनं हात लावायचा नाही, म्हणजे वापरायला लावायचा, धुवायला नाही.

दर अवसेला तिच्या ओसरीवर लाकडाची पंगत बसे. काठवट, पोळपाट, लाटणी, ताकाची रवी, शेवयांचा पाट, जेवायचे पाट, सोऱ्या, फणी, आणि शेवटी मेलेल्या नवऱ्याच्या खडावा. वाटीत करडीचं तेल, हातात जुन्या धोतराची चिंधी. एकेक वस्तू उचलायची, वास घ्यायचा, अंगठा फिरवायचा. कुठे बोटाला कुसळ लागलं तर फुटक्या बाटलीच्या काचेनं तेवढंच खरवडायचं. भाडेकरूंनीही आपापली लाकडं आणून ठेवावीत अशी अपेक्षा असे. न आणणाऱ्याच्या घरी ती स्वतः जाऊन घेऊन येई.

अवसेचाच दिवस का, हे मी एकदा विचारलं. काहीतरी शास्त्र सांगेल असं वाटलं होतं.

"अवसेला दुकान बंद असायचं की. मालक देवाला जायाचं. डब्यातलं तेल कितीबी घ्या, बघाय कोन न्हाय."

मालक जाऊन किती तरी वर्षं झाली होती. अवस राहिली होती.

सोलापूरच्या उन्हात माणसं टिकतात, लाकूड टिकत नाही. आमच्या बार्शीलाही ऊन आहे, पण इथलं वेगळं. चैत्रात दाराच्या फळ्या इतक्या आक्रसतात की फटीतून रस्ता दिसावा. म्हणून तिचे नियम कडक होते. लाकूड उन्हात वाळवायचं नाही. पाण्यात भिजत टाकायचं नाही. सोडा लावायचा नाही. धुतल्यावर आडवं ठेवायचं नाही, भिंतीला काठावर उभं करायचं, म्हणजे दोन्हीकडून वारा लागतो. आणि सगळ्यांत मोठा नियम: एका अंगाला पाणी लावलं तर दुसऱ्याही अंगाला लावायचं. पोळपाटाला पीठ वरूनच चिकटतं, म्हणून बायका वरूनच धुतात, आणि मग पोळपाट डुगडुगतो म्हणून सुताराला शिव्या देतात. एक अंग फुगतं, दुसरं फुगत नाही, लाकूड वाकणार नाही तर काय करेल?

हा नियम ती माणसांनाही लावी. आमच्या चौकात पद्मशाली विणकराची बायको आणि शेजारची गवंड्याची बायको यांचं नळावरून वाजलं. एकीची तेलुगू, दुसरीची मराठी, शिव्या दोघींनाही समजत होत्या. दोड्डव्वा बाहेर आली, दोघींनाही सारखंच बोलली आणि आत गेली. मी म्हटलं, "अव्वा, विणकरणीची काहीच चूक नव्हती."

"नसू दे. एकीलाच भिजवलं असतं तर दुसरी वाकली असती."

माझं हे म्हणणं आहे की माणसं पोळपाट नसतात. ते मी तिला सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या भांडणात पुन्हा दोघींना झोडपलं.

माझ्या नवऱ्याचं आणि तिचं पहिल्या वर्षी बिनसलं. त्याचं कारण पोळपाट. त्याच्या कारखान्यात डबे रंगवायचं काम चाले. एका शनिवारी त्यानं तिथून बाटलीत थोडं व्हार्निश आणलं आणि रविवारी मी देवळात गेलेली असताना मला खूश करायला म्हणून पोळपाट आणि लाटणं दोन्ही रंगवून खिडकीत वाळत ठेवली. मी परत आले तेव्हा पोळपाट पहिल्या वर्गाच्या डब्यासारखा चमकत होता. खाली अंगणात दोड्डव्वा नाक वर करून उभी होती.

"मास्तरीणबाई, कोन मेलंय का? कसला वास हाय ह्यो?"

ती वर आली. पोळपाट बघून काही बोलली नाही, हे वाईट लक्षण होतं. नवऱ्याला म्हणाली, "रेल्वेत चपात्या डब्याच्या छतावर लाटत्यात का?"

"पाणी धरणार नाही आता, अव्वा. वर्षानुवर्षं टिकेल."

"रंग टिकंल. पोटात जाऊन टिकंल."

दोन्ही वस्तू जप्त झाल्या. पुढचे काही दिवस ती ओसरीवर काच घेऊन बसलेली असे, मांडीत पोळपाट, खाली पिवळ्या सालींचा ढीग. येणारा-जाणारा विचारी आणि ती प्रत्येकाला सांगे, "मास्तरणीच्या मालकानं इंजिन केलंय ह्याचं." नवरा त्यानंतर पुढचे दोन शनिवार मागच्या जिन्यानं घरात आला.

आता मुसळाचं सांगते.

अवसेच्या पंगतीत सगळ्यात शेवटी, खडावांच्याही नंतर, तुळईला दोरीनं टांगलेलं एक मुसळ खाली येई. शिसवी, जड, काळं, तोंडाला लोखंडी कडं. ते उभंच टांगायचं, आडवं ठेवलं तर वाकतं. त्याला ती सगळ्यांत जास्त वेळ तेल चोळी आणि पुन्हा टांगून ठेवी. त्या घरात उखळ नव्हतं. चटणीचे शेंगदाणे ती शेजारच्या घरी पाठवून कांडून आणी, त्यांच्याच मुसळानं.

एकदा मी विचारलं, उखळ कुठे आहे.

"धाकटीकडं."

"मग मुसळ इथे कसं?"

"वाटणीत आलंय."

हळूहळू सगळं कळलं. वाटणीला पंच बसले होते. घर, दुकान, भांडी, बैल, सगळं झालं. शेवटी उखळ-मुसळ उरलं. सासूच्या वेळचं, बाभळीच्या बुंध्यातून कोरलेलं गुडघाभर उंचीचं उखळ आणि हे मुसळ. दोघी जावा लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यावर मिळून कांडत होत्या. पंचांनी दोन्ही थोरलीला द्यायचं ठरवलं. धाकटी रडली. पंचांनी ते धाकटीला द्यायचं ठरवलं. मग थोरली म्हणाली, "उखळ तिला द्या. मुसळ मला." पंचांना जेवायला उशीर होत होता. तसंच लिहिलं गेलं.

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

माझ्या शाळेचा रस्ता चिक्कव्वाच्या दारावरून जात होता आणि तिची नात माझ्या वर्गात होती. हे समजल्यावर दोड्डव्वानं एका संध्याकाळी, मी जिना चढत असताना, तुळईकडे बघत विचारलं, "त्या घरात उखळ कुटं ठिवलंय, बघितलं काय?"

मी दुसऱ्या दिवशी मुलीला सोडायच्या निमित्तानं पाहिलं. मागच्या पडवीत, सावलीत, पालथं, वर पोतं. तसं येऊन सांगितलं.

"पोतं वलं का कोरडं?"

ते मी पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी हात लावून पाहिलं. भर उन्हाळ्यातही ते ओलं होतं.

चिक्कव्वा बुटकी, गोल, बोलकी बाई. पोत्याला हात लावताना तिनं मला पाहिलं आणि ओळखलं. "तिनं पाठवलं व्हय?" म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत, "मुसळ टांगलंय का आडवं टाकलंय?"

"टांगलंय."

"कडं ढिलं झालं न्हाय न्हवं?"

म्हणजे आता ते पाहणं आलं. अशी माझी दोन घरांत जा-ये सुरू झाली. दोड्डव्वा उखळाची चौकशी करी, चिक्कव्वा मुसळाची. तब्येत कशी, नातवंडं किती, गुडघे दुखतात का, हे कोणी कधी विचारलं नाही. हिवाळ्यात चिक्कव्वा आजारी पडली, तेव्हा पडवीतलं पोतं कोरडं होतं. मी तेवढंच सांगितलं. दोड्डव्वानं थोडा विचार केला आणि सुनेच्या हाती काढ्याची पुडी मला दिली. "उखळाजवळ ठिवा," म्हणाली. मी उखळाजवळ ठेवली. पुढच्या आठवड्यात पोतं ओलं होतं.

मला हा सगळा प्रकार वेळखाऊ वाटे. दोन गल्ल्यांचं अंतर, दोघी चालत्याफिरत्या. पण मध्ये पडायला मी कोणाची कोण नव्हते.

माझ्या वर्गातली ती नात शाळा सोडून घरी बसली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा वळसंगचा, शेतीवाडी असलेला. आधी तिचं एक ठरलेलं मोडलं होतं. मुलाकडच्या म्हातारीला साखरपुड्याच्या दिवशी दारात ठेच लागली, एवढ्या कारणावरून. म्हणून या खेपेला चिक्कव्वा जपून होती. गड्ड्याच्या जत्रेतून तिनं नवीन मुसळ घेतलं. लग्नाची हळद आपल्याच उखळात, आपल्या घरच्या मुसळानं कांडायची, उसन्या मुसळानं नाही.

त्या आठवड्यात मी सकाळी शाळेला जाताना तिनं मला खिडकीतून हाक मारली. पडवीत नेलं आणि पोतं काढलं. उखळाच्या काठापासून खाली एक तडा गेला होता. जत्रेतल्या मुसळाचं कडं रुंद होतं. आदल्या दिवशी सून चटणी कांडायला बसली, कडं काठावर आदळलं आणि कित्येक वर्षं घाव न सोसलेलं लाकूड उललं.

"हळद शुक्रवारी हाय," चिक्कव्वा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "वळसंगची आत्याबाई येतीय बघाय. हळदीचं उखळ फुटलं म्हणून कळलं तर हे बी लगीन जातंय, मास्तरीणबाई. पोरीला तिसऱ्यांदा कोन विचारतंय?"

"दुसरं उखळ आणा."

"घरचं असताना दुसरं का, म्हणून विचारतील की." मग माझा हात धरून, "अक्काला कळू देऊ नका. सगळ्या जगाला कळलं तर कळू द्या. तिला नको."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शाळेची घंटा व्हायची होती.

दिवसभर मी मुलींना भागाकार शिकवला आणि विचार केला. लाकूड सांधणारं माणूस त्या भागात एकच मला माहीत होतं, आणि नेमकं त्यालाच सांगायचं नव्हतं. संध्याकाळी जिन्याशी नेहमीचा प्रश्न आला.

"उखळ कसंय?"

"फुटलंय."

मला वाटलं ती विचारेल, कसं, कधी. ती म्हणाली, "उभा तडा का आडवा?"

"उभा. काठापासून टीचभर खाली."

"कुनाच्या मुसळानं?"

"जत्रेतलं नवीन."

"वाटलंच."

मी हळदीचं आणि वळसंगच्या आत्याबाईचं सांगितलं. ती उठली आणि तिनं तुळईवरून मुसळ सोडवलं. अवस नव्हती. तिनं तेलाची वाटी आणली नाही, बाटलीची काच आणली.

तेव्हा मला दिसलं की मुसळाची तिनं पार वाट लावली होती. मलाच तिनं शिकवलं होतं की वापरातल्या लाकडाला तेल लागतं, टांगलेल्याला नाही. टांगलेल्याला पाजत राहिलं तर ते पीत नाही, अंगावर साचवतं. आणि एवढी वर्षं दर अवसेला ती पाजत आली होती. काच फिरली तशा गुळासारख्या तपकिरी चिकट साली निघू लागल्या. मी जवळ बसले. तिनं माझ्या हातात दुसरी काच दिली. आम्ही दोन्ही टोकांकडून खरवडत आलो. नंतर तिनं तांदळाचा कोंडा घेऊन मुसळ कोरडं होईपर्यंत चोळलं. "हळदीला तेलाचा वास लागाय नको," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि पाळी सुटली, त्याच वेळी ती मुसळ खांद्यावर घेऊन घराबाहेर पडली. शाळेला अर्धी सुट्टी होती. मी मागून निघाले. गिरणीची माणसं रस्ताभर होती, त्यांनी वाट दिली. पानपट्टीवाल्यानं विचारलं, "दोड्डव्वा, कुणाचं डोस्कं फोडाय निघाला?"

"तुझं मोकळं हाय का?"

चिक्कव्वा दारातच होती. तिनं आधी मुसळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तरीण. सांगितलंच तुमी."

"सांगितलं," मी म्हटलं.

दोड्डव्वा तिच्या अंगावरून सरळ मागच्या पडवीत गेली. घराची वाट तिला कोणाला दाखवावी लागली नाही. उखळापाशी उकिडवी बसली. तड्यात नख घातलं.

"पाणी तरी घे, अक्का," चिक्कव्वा मागून म्हणाली.

"मला नगं. हेला घाल. काठोकाठ भर. आन् पोतं भिजवून भाईर गुंडाळ. दोन्ही अंगांनी."

पाणी आलं. पोतं आलं. दोघी गुंडाळायला बसल्या.

"उन्हात ठिवलं असशील."

"कदी न्हाय."

"मग उललं कसं?"

"दुसऱ्याचं मुसळ सोसलं न्हाय त्येला."

दोड्डव्वानं पोत्याची गाठ मारली. ती घट्ट होती, तरी पुन्हा सोडून मारली.

पाण्यानं लाकूड फुगलं आणि तडा मिटत आला. मग लोहाराला बोलावलं. गाडीच्या चाकाला धाव बसवतात तसा लोखंडी पट्टा तापवून वर चढवायचा आणि पाणी ओतायचं, की तो आवळतो. माझा नवरा रजा घेऊन लग्नाला आलाच होता. तो उभा राहून बघत म्हणाला, "इंजिनाच्या चाकालाही असाच पट्टा चढवतात. माप जरा कमी ठेवा, नाहीतर ढिला राहील."

लोहारानं ऐकलं, माप कमी ठेवलं आणि पट्टा चांगला बसला. दोड्डव्वानं नवऱ्याकडे पाहिलं. "एवढं कळतंय, तर पोळपाटाला रंग कशाला लावत होता?"

शुक्रवारी हळद झाली. उखळाला हळकुंडं आणि आंब्याची पानं बांधली होती, मुसळालाही. कांडणाऱ्या पाच सवाष्णी. दोघी जावांना, दोघीही विधवा म्हणून, आत जागा नव्हती. त्या पडवीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या. वळसंगच्या आत्याबाई मोठ्या नाकाच्या होत्या आणि बारीक नजरेच्या.

"पट्टा नवा दिसतोय," त्या उखळाकडे बघून म्हणाल्या.

चिक्कव्वाचा चेहरा उतरला. उत्तर उंबऱ्याबाहेरून दोड्डव्वानं दिलं. "लगीनघर हाय, आत्याबाई. भांड्याला कल्हई केली, भिताडाला चुना दिला. उखळानंच काय पाप केलंय?"

आत्याबाईंनी मान हलवली. पण गावात काहीतरी ऐकलेलं असावं. "आन् मुसळ म्हणं एका विधवा बाईनं खांद्यावरनं आणलंय?"

नवरीनं मान खाली घातली. या वेळी बोलली ती चिक्कव्वा. तिचा आवाज आता तिचा नेहमीचा होता.

"आणलंय. माझ्या जावंनं आणलंय, माझ्या घरचं मुसळ हाय. मुसळाला नवरा कदी होता, आत्याबाई, मराय?"

कोणीतरी सवाष्ण हसली, मग दुसरी. शेवटी आत्याबाईंनाही हसू आलं, आणि हसलेल्या बाईला अपशकुन मांडता येत नाही. पहिला घाव पडला. दोन म्हाताऱ्या बाहेर कान देऊन बसल्या.

"तिरकं पडतंय," दोड्डव्वा म्हणाली.

"पोरी हैत. शिकतील."

"आपुन शिकलो न्हाय का?"

"सासू मुसळानंच शिकवायची की."

लग्न नीट पार पडलं. पोर वळसंगला सुखात आहे, आता तिची मुलं शाळेत जातात.

लग्नानंतर दोड्डव्वा मुसळ खांद्यावर टाकून घरी परत घेऊन आली आणि तुळईला टांगलं. मला हे अजब वाटलं. "तिथेच ठेवायचं की, अव्वा. आता काय राहिलंय?"

"वाटणी झालेली हाय. पंचांनी केलेली," ती म्हणाली. पुढे दर आठवड्याला, शेंगाची चटणी करायची म्हणून, ती मुसळ खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या चालत जाई आणि दुपारभर तिथे बसून, चटणीची वाटी आणि मुसळ घेऊन परत येई. गुडघे दुखायला लागले तरी जाई. सुनेनं मुसळ घेऊन चालते म्हटलं तर देईना. माझ्या मते एवढ्या चटणीची त्या घरात गरज नव्हती. मुसळाला तेल लावायचं मात्र तिनं बंद केलं. कांडून कांडून ते आपोआप गुळगुळीत झालं.

ती गेली त्या वर्षी आम्ही अजून त्याच जागेत होतो. ताप आला आणि आठवड्यात गेली. लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून पुरलं. दिवस झाल्यावर तिच्या मुलानं, तो तेलाचं दुकान चालवी, चिक्कव्वाला बोलावून घेतलं आणि तुळईवरून मुसळ काढून तिच्यापुढे धरलं. "घेऊन जा, चिक्कव्वा. आता जोडी होऊ दे."

तिनं हात पुढे केला नाही. "माझं न्हाय ते. वाटणीत अक्काला दिलंय."

"अव्वा न्हाय आता."

"म्हणून काय वाटणी मोडती?"

मुलानं मुसळ पुन्हा टांगलं. त्याला वाटलं म्हातारी रुसली. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतरच्या अवसेला मी शाळेतून लवकर आले, तर ओसरीवर चिक्कव्वा बसली होती. बुटकी असल्यानं तिला तुळईपर्यंत हात पुरला नव्हता, सुनेनं मुसळ काढून दिलं होतं. तिच्यापुढे करडीच्या तेलाची वाटी होती, घरून आणलेली. मुसळानं आता कोणी कांडणार नव्हतं, म्हणजे त्याला तेल लागत नव्हतं, पण अवस होती.

"जरा थोडंच लावा," मी जिन्यावरून म्हटलं. "टांगलेल्या लाकडावर साचतं."

"म्हायती हाय. तिनंच शिकवलंय," ती म्हणाली. "चिंधी हाय काय एकादी? मी आणाय इसरले."

मी वर गेले आणि चिंधी घेऊन आले. येताना माझी काठवटही आणली.